वॉशर

कचराळी तलावाला तीन फेऱ्या मारा,
असं डॉक्टर म्हणाले. आम्ही एक मारतो
आणि उरलेल्या दोन बाकावर बसून मोजतो.

म्हात्रे, पास्कल, टिपणीस आणि मी.
चौघांचे संसार मिळून दीडशे वर्षांचे.
त्यात भांडणं किती, याचा हिशेब ठेवायला
कुणाच्याच घरून परवानगी नाही.

म्हात्रे म्हणतो, 'हो' तीन प्रकारचे असतात.
एक, ऐकलं म्हणून. दुसरा, पटलं म्हणून.
तिसरा, ऐकलं नाही पण आवाज चढलाय म्हणून.
तिसरा नीट जमायला त्याला एकोणीस वर्षं लागली,
तेवढ्यात हॉलला दोनदा जांभळा रंग लागून गेला.

पास्कलचं साधं आहे. चूक कुणाची हे ठरायच्या आत
तो खाली जाऊन पाव घेऊन येतो.
कधी कधी दिवसातून तीनदा.
बेकरीवाला त्याचे खांदे बघून घरातलं हवामान सांगतो.

टिपणीस काही सांगत नाही.
पावणेआठ झाले की उठतो,
"चला, उशीर झाला तर बोलणी बसतील."
वहिनींना जाऊन दुसरं वर्ष.
आम्हीही म्हणतो, "हो हो, पळा."
हा 'हो' म्हात्रेच्या यादीत नाही.

माझ्या घरी प्रश्न नळाचा होता.

वागळे इस्टेटमध्ये छत्तीस वर्षं मी नट आवळले.
हाताला सवय, बंद म्हणजे बंद.
पहाटे तोंड धुऊन नळ असा पिळायचो,
की मागोमाग कुमुद गेली, की आतून यायचं,
"अहो!"
उखाण्यात माझं नाव घेताना हिचा आवाज फुटला नव्हता.
पुढे एक्केचाळीस वर्षं त्या एका "अहो"त
मी, माझी कंपनी आणि माझी आई
एका दमात मावायचो.
मी म्हणायचो, "ठिबकत होता."
ती म्हणायची, "ठिबकू दे. पण उघडू दे."
मी जाऊन उघडायचो. मग चहा.
हे रोज. तापात असलो तरी.
मुलाच्या लग्नात, कार्यालयातल्या परक्या नळावरसुद्धा.

दिवाळीआधी मुलाने बाथरूम नवं करून घेतलं.
नळाला आता नुसती दांडी.
करंगळीने वर, करंगळीने खाली.
आवळायला काही नाहीच.

पहिला दिवस बरा गेला.
दुसऱ्या दिवशी ती आत गेली आणि बाहेर आली.
मध्ये काही नाही.
तिने पेपर घेतला, मी भिंत घेतली.
फ्रिज सुरू झाला तर दोघं दचकलो.
चौथ्या दिवशी मी विचारलं, "बरं नाही का?"
"मला काय झालंय? तुम्हालाच काहीतरी झालंय."
तेवढ्यावर संपलं. पुढे रेटता येईना.

बाकावर सांगितलं. म्हात्रे गंभीर झाला.
पास्कल म्हणाला, पाव आणून बघ.
टिपणीस तलावाकडे बघत म्हणाला,
"जुना नळ टाकलास कुठे?"

माळ्यावर होता, चपलांच्या खोक्यात.
रविवारी ती भाजीला गेली तेव्हा
ड्राय बाल्कनीत बसवायला घेतला.
पुसताना दिसलं, डोक्यावर पकडीचे दात उमटलेत.
जुने, काळे पडलेले, बरेच.
माझे नव्हेत. मी पान्याशिवाय कशाला हात लावत नाही.
म्हणजे मी पहिल्या पाळीला असायचो तेव्हा
या घरात नळ उघडत होता.

काही बोललो नाही. नवा वॉशर घातला
आणि मनापासून आवळला.

सोमवारी सव्वासहाला पांघरुणात जागाच होतो.
बादली ठेवल्याचा आवाज.
मग जरा वेळ काहीच नाही.
(पकड कुठे ठेवते, अजून सापडलेलं नाही.)
मग,
"अहो!"