बंद पाठीचे तीन

दुकानातला पोरगा, ताआवी नाव त्याचं,
काउंटरच्या काचेवर तीन जोड मांडतो,
बाजारात बाया मासे मांडतात तसे,
तोंडं सगळी एका दिशेला.
"तिन्ही पाठबंद," म्हणतो,
"आतलं बाहेर जाणार नाही, बाहेरचं आत येणार नाही."
मी म्हणते, "असा नवरा मिळाला असता
तर इथे कशाला आले असते?"
तो हसत नाही. तरुण आहे.

मला हवेत ते जहाजावर घालायला.
ताल्लिन ते हेलसिंकी, हेलसिंकी ते ताल्लिन,
चाळीस केबिनी, ऐंशी उशा,
आणि पायाखाली ते इंजिन,
जेवणात मीठ कमी पडल्यासारखं दिवसभर पुटपुटणारं.

"ऐकायला काय लावू?"
मी पिशवीतून आमचीच सीडी काढते.
बत्तीस बायका, राक्वेरेचं चर्च, नोव्हेंबर.
हीटर बंद ठेवला होता, कारण तो गुणगुणायचा.
दुसरी रांग, डावीकडून चौथी,
ती मी, ऊर्वे, एकोणीस वर्षांनी तरुण.

पहिला जोड. पंचावन्न युरो.
खर्ज असा, की तळघरात कुणी पिंपं लोटतंय.
वरच्या पट्टीतल्या पोरींच्या तोंडाला लोकरीचे मफलर.
पण हलका आहे, घडी होते, एप्रनच्या खिशात मावतो,
आणि जानेवारीत कानटोपीचे पैसे वाचतील.
बिजागरी प्लास्टिकची. दोनदा उघडमीट केली
तर पोराने माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

दुसरा. एकशेचाळीस.
याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही,
राईच्या पावाबद्दल नसतं तसं.
जी जिथे उभी होती तिथे उभी आहे.
फक्त चष्म्याच्या दांड्या कानशिलात रुततात.
"सैल होतील," ताआवी म्हणतो,
"रात्रभर जाड पुस्तकांवर ताणून ठेवायचे."
घरात जाड पुस्तक एकच, टेलिफोन डिरेक्टरी,
तीही कपाटाच्या पायाखाली.

तिसरा. सहाशेवीस.
घेणार नव्हतेच. पण विचारायला काय जातं.

आधी आली शांतता. नुसती शांतता नव्हे,
त्या चर्चची, दगडाची, ओल्या कोटांची.
मग पान उलटल्याचं.
मग लेइदाच्या माळेचा मणी बटणावर आपटल्याचा.
(काढून ठेव म्हटलं होतं मी तिला.)
आणि दुसऱ्या कडव्यात, जिथे सगळ्या थांबतात,
एक आवाज अर्धा श्वास मागे राहतो,
कणभर उतरलेला.

ती चूक आम्हाला ठाऊक होती. सगळ्यांना.
ती ऐनोची होती.
मीच सांगितलं होतं, कॉफी पिताना, सहज.
माझ्या शेजारीच उभी होती ती, मला नाही तर कुणाला कळणार?
वसंतात तिने यायचं बंद केलं.
गुडघे दुखतात म्हणाली.

मी मागे नेऊन पुन्हा ऐकते.
स्वतःच्या आवाजाची ओळख पटायला
सहाशेवीस युरोंचं यंत्र लागावं.

"बाई, बरं वाटतंय ना?"
मी दुसरा जोड पुन्हा कानाला लावते. त्यातही आहे.
पहिला लावते. पिंपांच्या गडगडाटाखाली
त्यातही आहे, स्वच्छ.
एकदा कळलं की पंचावन्नमध्येही ऐकू येतं.

दुसरा घेतला. खोका फाटलेला होता,
दहा युरो कमी केले त्याने.
पावती नीट ठेवा म्हणाला, दोन वर्षांची हमी आहे.

कोप्लीच्या ट्राममध्ये खिडकीशी बसलेय,
डोक्यावर नवा जोड,
वायरचं टोक कोटाच्या खिशात, कशालाच न लावलेलं.
समोरची मुलगी काहीतरी विचारतेय,
बहुतेक शेजारची जागा रिकामी आहे का.
मी मान हलवते. होय की नाही, मलाच माहीत नाही.
कानशिलं आत्ताच दुखायला लागलीत.
ऐनो याच लाइनीवर राहायची, माझ्या पुढे दोन थांबे.
माझा थांबा येतोय.