आडवी की उभी

बोरा वाऱ्याने छपरावरचा सामायिक अँटेना नेला,
त्याला आता सात आठवडे झाले.
खाली बेर्तोकबाईंच्या स्कूटरवर सापडला,
मांस खाऊन टाकलेल्या माशाच्या काट्यासारखा.
इमारतीची सभा तीनदा भरली,
खर्च कुणी करायचा यावर तीनदा कॉफी निवली.

म्हणून मी लॅपटॉपला लावायचा ट्यूनर आणला,
अंगठ्याएवढा.
उरला प्रश्न अँटेनाचा, घरात मावेल अशा.

एगिदियोने दुकानात काउंटरवर पसारा मांडला.
हे सशाचे कान : लांब होतात, डोळ्यात जातात.
हा पातळ पत्रा : काचेला चिकटतो.
खोक्यावर छापलंय, एकशे वीस किलोमीटर
("भर समुद्रात, आणि तुम्ही गलबत असाल तर," तो म्हणाला).
हा बूस्टरवाला, निळ्या दिव्याचा, सगळ्यात महाग.

मला तो निळा दिवा आवडला होता.

"आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?
कचरा तेवढा मोठा करून देईल."

मी चौतीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली.
चाळीस फुटी कंटेनर दोन बोटांनी
जहाजात असा ठेवला, की डब्यात डबा.
मला एक पत्रा खिडकीला लावता येऊ नये?

लावला. दिवाणखान्याच्या काचेवर.
रोमचे सगळे आले, टाय लावून, एकमेकांना बोलू न देता.
झोर्का स्वयंपाकघरातून म्हणाली,
"आणि माझे?"

तिचे डोंगरापलीकडून येतात.
सीमा आमच्या दारापासून नऊ किलोमीटर.
तिथे आताशा कुणी थांबवत नाही,
चौकीच्या सावलीत एक म्हातारा चेरी विकतो.
पण तिच्या भाषेला आमच्या घरात यायला
अजून कोपरा शोधावा लागतो.

पूर्वी निदान मुंग्या यायच्या.
मुंग्यांच्या आड माणसं हलायची,
भुतासारखी, पण हलायची,
आणि ती त्यांना आवाजावरून ओळखायची.
आताच्या सिग्नलला अधलंमधलं कळत नाही.
आहे, नाहीतर नाही.

पत्रा कपाटावर ठेवला. न्हाणीघरात धरला.
इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, त्याच्यामागे मी, वायर दातात.
"लॅपटॉपपासून लांब ने," एगिदियो फोनवर,
"तो स्वतःच इतका गोंगाट करतो
की त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही."
झोर्काने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही.

शेवटी ट्यूनरबरोबर फुकट आलेली काडी काढली,
बोटभर, बुडाशी लोहचुंबक,
जी मी खोक्यातच टाकून ठेवली होती.
झोर्काने श्ट्रूडेलचा लोखंडी ट्रे पालथा घातला,
स्वयंपाकघराच्या खिडकीत.
काडी त्यावर टक्कन बसली.
काही नाही.
"उभी नको," फोन म्हणाला, "आडवी करून बघ."
मग मी ट्रेच उभा धरला, काडी आडवी झाली.

आणि हवामानवाला आला.

ट्रे सोडला की जातो.
धरला की येतो.
माझ्या हातातून त्याला काय मिळतं, देव जाणे.

एकतीस वर्षांत तिची भाषा मला अर्धी आली,
भाजीची, शिव्यांची, झोपेतली.
हवामानाची नाही.
एक शब्द मात्र कळला : बुर्या.
आम्ही बोरा म्हणतो. वारा तोच,
त्याच खिंडीतून येतो, त्याच स्कूटरवर पडतो.

"उद्या संध्याकाळपासून बुर्या..."
एवढ्यात हवामानवाल्याच्या तोंडाचे चौकोन झाले,
हिरवे, करडे, एक डोळा कानापाशी.
झोर्का खुर्चीत पुढे वाकली
आणि त्याचं वाक्य तिने त्याच्याच चालीत पुरं केलं,
किनाऱ्याचा वेग, डोंगरावरचं तापमान, सगळं,
जणू चित्र तिच्याकडूनच जात होतं.

"बरोबर सांगितलंस?" मी विचारलं.

"हलू नकोस," ती म्हणाली.

माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या.
पत्र्याची पावती खिशात आहे,
शुक्रवारपर्यंत परत घेतो तो.