मानवी तपासणी

सोहारच्या बंदरामागे, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे खिडकीच्या काचेवर भट्टीची पूड बसते
आणि सुलेमान दर बुधवारी ती पुसून पुन्हा बसू देतो,
तिथे मी माणूस आहे.
म्हणजे हुद्द्याने.
यंत्राने नाकारलेला प्रत्येक अर्ज
एका माणसाच्या नजरेखालून जावा, असं धोरण आहे,
आणि तो माणूस मी.

गुरुवारी जेवणाआधी दोनशे बारा.
एकेकाला नऊ सेकंद. कुणी सांगितलेलं नाही,
हाताला लागलेली सवय.
फोटो, टक्के, लाल पट्टी, खाली चौकोन :
मानवी तपासणी झाली.
टिचकी.
पहिल्या आठवड्यात वाटलं होतं,
आई तांदूळ निवडायची तसंच हे.
पण आई खडा काढायची.
मी नुसतं ताट पुढे सरकवते.

नझीर सोलकर. गाव हर्णै, हल्ली मुक्काम फलजचा कॅम्प.
रिगर, एकोणीस वर्षं.
नजर मिळवतो : कमी.
आत्मविश्वास : कमी.
प्रश्न चौथा : उत्तर नाही.
एकूण एकतीस.

त्याची चित्रफीत चुकून सुरू झाली.
आवाज बंद होता, कारण शेजारी फिलोमिना
फोनवर वकिलातीशी भांडत होती.
ट्यूबलाइटखाली पिकलेली दाढी,
मागे बंकांवर पाच जण श्वास धरून,
एकाच्या पायात अजून सेफ्टी बूट.
खाली प्रश्न :
वारा सुटला, ओझं झोके घेऊ लागलं, तर तुम्ही काय कराल?
तो कॅमेऱ्याकडे बघतच नाही.
वर बघतो, छताच्याही वर कुठेतरी,
जिथे त्याला आकडा दिसत असणार.
(आमच्याकडेही आकडाच म्हणतात.
त्याच्या आकड्याला निदान ओझं लटकतं.)
खांदा हलतो. मग दोन्ही खांदे.
मग अकरा सेकंद काहीच नाही.
चौकट छातीशी संपते.

मी पुन्हा लावली. पुन्हा.
तो बोलत होता.
चौकटीच्या खाली बोलत होता.

निकाल फिरवायचा तर कारण निवडावं लागतं.
यादीत सहा होती, त्यात हे नव्हतं.
सातवं : इतर, चाळीस अक्षरांत.
लिहिलं : याचे हात राहिले.
लगेच कोपऱ्यात माझ्या नावापुढे
पिवळ्या रंगात उमटलं, हस्तक्षेप : एक.
इतकी वर्षं हा शब्द लिहिते,
त्यात हात आहे हे तेव्हा दिसलं.
आणि हेही, की माझेही टक्के कुठेतरी निघतात.

रविवारी तो आला. हेल्मेट मांडीवर,
खुर्चीच्या कडेला टेकलेला.
म्हटलं, चौथा प्रश्न परत सांगा. हातांनी सांगा.
त्याने बोट खाली करून
हवेत छोटी चकली पाडली.
तळवा आडवा फिरवला.
मग दोन्ही हात पोटापाशी एकमेकांत गुंतवून
गप्प बसून राहिला.
मी घाईने म्हटलं, अहो, हात कसले जोडता!
तो हसला. पुढचा एक दात नव्हता.
"जोडत नाय मॅडम, खूण हाय ही.
असं केलं की क्रेन, ट्रेलर, माणसं,
सगळं जिथल्या तिथं थांबवायचं.
वारा पडेस्तोवर."

त्याची फाइल वर गेली. वरचं मला कळत नाही.
माझ्याकडे उरले दोनशे अकरा,
तपासून झालेले, हिरवी खूण असलेले.
त्यांतल्या कुणाचं काय चौकटीबाहेर राहिलं
हे विचारायला ते आता कुठे आहेत?
कुणी गोरखपूरला, कुणी चितगावला,
कुणी इथेच, तीन गोल चौकांपलीकडे,
फोन उलटा ठेवून झोपलेला.
आणि विचारलं तरी सांगतील काय?
नऊ सेकंदांत तर मी त्यांची नावंही
नीट उच्चारली नव्हती.

आज एकशे सत्तर.
पहिला अर्ज उघडला. माउस सोडला.
हात पोटापाशी एकमेकांत गुंतवले
आणि बसून राहिले.
फिलोमिनाने एकदा वळून पाहिलं.
काचेवर पूड बसत होती.
अकराव्या सेकंदाला पडद्यावर अक्षरं आली :
आपण तिथे आहात का?