चमचा बशीत

लेअर गावात, बंदराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान.
बाहेर विटांची भिंत, आत पत्र्याचे डबे,
आणि वारा, जो दाराची घंटा
गिऱ्हाईक नसतानाही वाजवून जातो.

गुरुवारी गेर्येट आला, जलद्वाराचा जुना रखवालदार.
दंडाची पावती ठेवावी तशी
चिठ्ठी काउंटरवर ठेवली.
नवी डॉक्टरीण. बायर्नची, डोंगराकडची,
स्वतः कॉफी पिते म्हणे.
काळा चहा कमी. साखर बंद. साय बंद.
"दिवसाला किती कप?" तिनं विचारलं होतं.
"मोजतो कोण?" हा म्हणाला,
आणि तिथंच फसला.

मी शिडी लावली, वरच्या फळीवरचे डबे उतरवले,
ज्यांची झाकणं अजून कुरकुरतात.
हिरवा चहा. कॅमोमाईल. बडीशेप.
रानगुलाबाची फळं, वाळून सुरकुतलेली
गेर्येटच्या बोटांच्या पेरांसारखी.
पन्नास-पन्नास ग्रॅम बांधून दिलं.
तो पुड्यांकडे असा बघत होता
जसा भरतीआधी आभाळाकडे बघायचा.

पुढच्या गुरुवारी अहवाल:
हिरवा चहा बांधावरच्या मेंढ्यांना दे,
त्यांना ओळखीचा वाटेल.
बडीशेप तान्ह्या पोटाला ठीक,
माझं पोट एक्क्याऐंशीचं आहे.
कॅमोमाईलनं मात्र झोप लागली, खरंच लागली,
इतकी, की पहाटेची भरती माझ्याशिवाय आली
आणि माझ्याशिवायच गेली.
हे त्यानं जरा हळू सांगितलं.
मी वजनकाटा पुसत राहिले.

आणि रानगुलाब?
"आंबट. दात शिवशिवतात.
लढाईनंतरच्या वर्षी शाळा आम्हाला
ही फळं वेचायला पाठवायची,
बादली भरली की सुट्टी.
बियांवरची कुसं आम्ही पोरींच्या मानेत सोडायचो.
फ्राउके अजून विसरलेली नाही,
चर्चमध्ये मला बघितलं की मान खाजवते."
हसला. "अजून शंभर ग्रॅम दे."
मग खिडकीकडे बघत,
"आणि माझा नेहमीचा. आसामचा. लहान पुडी.
खडीसाखर घरात आहे."

नोव्हेंबरात डॉक्टरीण स्वतःच आली,
हातात वाऱ्यानं उलटी केलेली छत्री.
"अख्खं गाव माझं सगळं ऐकतं," म्हणाली,
"दारू सोडतात, चालायला लागतात,
एवढी एकच गोष्ट सोडत नाहीत.
यात आहे तरी काय?"

सांगून कळण्यातलं नव्हतं.
मागच्या खोलीत बसवलं.
पातळ कप, तळाशी खडीसाखरेचा एकच खडा,
वरून वाफाळता चहा. खडा तडकला,
कालव्यावरचा बर्फ जानेवारीत तडकतो तसा,
फक्त बारीक आवाजात.
तिनं मान वाकवून ऐकलं.
कडेनं चमचाभर साय सोडली,
घड्याळाच्या काट्यांच्या उलट,
वेळ जरा थांबावी म्हणून.
साय बुडाली आणि ढग होऊन वर आली.

तिनं ढवळलं.
माझी आई असती तर उठून गेली असती.

दुसऱ्या कपाला मी तिचा हात धरला.
आधी साय लागली, मग कडवट, मग पार तळाशी गोड,
आणि तिचा चेहरा त्याच क्रमानं बदलत गेला.
तिसरा.
इथं पुरे म्हणायचं असेल तर चमचा कपात ठेवतात.
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
चमचा बशीत होता. मी चौथा ओतला. पाचवा.
ती आईबद्दल बोलू लागली,
डोंगरांबद्दल, इथल्या सपाट रात्रींबद्दल,
ज्यात म्हणे घरी जायला चढच नसतो.

सातव्याला तिनं चमचा उचलला,
कुठं ठेवावा कळेना,
क्षणभर हवेत धरला
आणि पुन्हा बशीतच ठेवला.

मी सांगायला हवं होतं.
किटली अजून गरम होती.