अकरा मिनिटांचा खुलासा

कीरन, तू विचारलंस,
मंगळवारी दुपारी दोन चौदा ते दोन पंचवीस
माझा ठिपका पिवळा का होता.

पहिल्या दिवशी तुझं नाव ऐकलं तेव्हा वाटलं
कुणी किरण असेल, सांगलीकडचा.
तू निघालास कीरन, लीड्सचा,
आवाजावरून फार तर चोवीस वर्षांचा.

डॉनकास्टरच्या या घरात वर एक खोली आहे,
पलंग मावत नाही एवढी.
तिथे बसून मी बॉयलरचा विमा विकते.
दर दहा मिनिटांनी लॅपटॉप माझा फोटो काढतो.
आई म्हणायची, पोरी,
वर्षातून एक तरी फोटो पाठवत जा.
आता दिवसाचे अठ्ठेचाळीस निघतात गं,
सगळ्यांत मी जराशी खाली बघतेय.

बाथरूमला जाताना ‘बाथरूम’ असं बटण दाबायचं.
आठवड्याला पस्तीस मिनिटं.
उरलेली पुढच्या आठवड्यात नेता येत नाहीत.

रेक्समची डिलिस
माउस मनगटी घड्याळावर ठेवून जेवायला जाते.
खाली सेकंदकाटा फिरतो, वर बाण थरथरतो,
ऑफिसला वाटतं, बाई कामात आहे.
हसलो होतो आम्ही यावर,
आपापल्या मोबाइलवर, बिनआवाजाचं.

नजर लागते, हे मला लहानपणापासून ठाऊक.
म्हणून एका रविवारी मुठीत मीठ-मोहरी घेतली,
लॅपटॉपवरून तीनदा उतरवली,
तव्यावर टाकली.
धुराचा अलार्म बोंबलला.
निशिकांत जिन्यातून ओरडला,
अगं, दृष्ट लागलेल्याची काढतात,
लावणाऱ्याची नाही!

तर ती अकरा मिनिटं.

दोन वाजून दोन मिनिटांनी क्लीथॉर्प्सचे मिस्टर हॅलम
फोनवर आले. वय एक्याऐंशी.
कागदावर लिहिलंय तसं
मी त्यांचं नाव तीनदा घेतलं.
ते म्हणाले, बॉयलरचं सगळं मॉरीन बघायची.
मग म्हणाले, थांबा हं, पेन आणतो.
तीन मिनिटं चाळीस सेकंद कुणीच बोललं नाही.
तुझ्या तक्त्यात याला लाल रंग आहे.
मला ऐकू येत होतं, एक कप्पा उघडला,
दुसरा उघडला,
सपाता फरफटत लांब गेल्या
आणि मागे कुठेतरी बॉयलर पेटला, भक्कन.
चांगला ठणठणीत होता, आवाजावरून.

परत आले तेव्हा विचारलं,
घर तुमचं, की काउन्सिलचं?
काउन्सिलचं.
मग बॉयलर काउन्सिलच दुरुस्त करून देतं, मिस्टर हॅलम.
पैसे लागत नाहीत.
ठेवून द्या ते पेन.
हे चौथं नाव कागदावर नव्हतं.

रेकॉर्डिंगमध्ये आहे सगळं.
तू अजून ऐकलं नसशील.
ऐकशील.

त्यानंतर मी खाली गेले.
सिंकमध्ये कुकर होता, तो घासला.
खरं तर घासलेलाच होता.
बाहेर कचऱ्याचे रिकामे डबे वाऱ्याने आडवे पडलेले,
आमचा उभा केला,
मग शेजारच्यांचा,
मग ज्यांची नावंही माहीत नाहीत त्यांचे,
पार गल्लीच्या टोकापर्यंत.
चपलेत पाणी गेलं.
एवढंच.

तुझ्या चौकटीत खुलाशाची दीडशे अक्षरं मावतात.
मी लिहिलं, इंटरनेट गेलं होतं.
आणि पाठवलं.

रात्रीचे पावणेबारा.
चार सेकंदांत तुझा अंगठा आला, वर केलेला.
म्हणजे तूही जागाच.
तुझाही ठिपका हिरवा.

तुला कोण बघतंय रे, कीरन?
जेवलास का?