हात वर

पहाटे बाजारातून दोरी ओढत आणली त्यांनी,
ओल्या गेरूत बुडवलेली,
आणि आम्हाला रेटलं टेकडीकडे.
ज्याच्या शालीला डाग, त्याला दंड.
मी बांगड्याच्या भावावरून घासाघीस करत होतो.
डाग लागला. खांद्यावर, चार बोटं रुंद.

लिसानोर उभा राहिला. हात शालीच्या आत.
आवाज असा, की तेलाचा भरला रांजण
कोणी हळूच तिरका करतंय.
बेट तीन दिवसांवर आहे, म्हणाला.
तिथल्या अंजिरांना राखणदार नाही, म्हणाला.
मग आमच्या बापांची नावं घेतली.
माझ्या बापाचं घेतलं नाही,
तरी मला ऐकू आलं.

दवंडीवाल्याने रीतीप्रमाणे विचारलं :
आणखी कोणाला बोलायचंय?

माझ्याकडे एक वाक्य होतं.
मी पिरेयसच्या धक्क्यावर बसतो,
खालच्या वल्ह्यांच्या भोकांना कातडी पिशव्या शिवतो.
वाक्य एवढंच :
यंदा कुजकं आलंय कातडं, लाट चढली की पाणी आत.
पण त्यात अंजीर नव्हतं, बाप नव्हते,
आणि तेलावर खारं पाणी कोण चाखतं?
शेजारच्या डेक्सिथेओस कुंभाराने हात वर केला.
मीही केला.
कारकुनाने हात मोजले नाहीत.
नुसती नजर फिरवली, उभं पीक बघावं तशी.

सदतीस गलबतं.
माझा मिकिऑन अगदी खालच्या ओळीत,
पिशव्या लागतात तिथे.

थंडीत पुन्हा सभा. कोणाचा होता हा सल्ला?
लिसानोर म्हणाला : मी नुसता बोललो. हात तुमचे होते.
खोटं नव्हतं ते.
मग अख्ख्या टेकडीनेच हात वर केले,
आणि त्या दिवशी मतदान नव्हतं.

आता तो खांबांच्या सावलीत पोरांना भाषण शिकवतो,
पैसे आगाऊ.
शाल मी सात वेळा धुतली. गेरू गेला नाही.
शिवताना ते वाक्य म्हणत बसतो,
कधी मोठ्याने, कधी दोरा दातात धरून.
अडखळत नाही आता.

काल नातू दाराशी उभा राहून ऐकत होता.
म्हणाला, आजोबा,
‘कुजकं’ शेवटी ठेवा. आणि त्याच्याआधी जरा थांबा.

पोराला कान आहे.
मी दाभण खाली ठेवलं
आणि बराच वेळ
त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.