उभी रेघ, आडवी रेघ

कुताइसीच्या या दवाखान्यात लिफ्ट बंद असते,
म्हणून मोडलेले पाय तिसऱ्या मजल्यावर
दुसऱ्यांच्या पायांनी येतात.
तेक्ले, तू डॉक्टर. मी नुसता प्लास्टरवाला मुर्मान.
पण एकतीस वर्षं लोकांची पावलं मांडीवर घेतोय,
तर पहिल्या दिवशी थोडं ऐकून घे.

एका पावलात हाडं सव्वीस,
आणि मोडणं काही एक नसतं.
पोरांचं हाड ओल्या फांदीसारखं पिचतं,
म्हातारीचं काटकीसारखं कट्‌कन,
आणि टाच –
टाचेचा चुरा होतो, दगडाखालच्या अक्रोडासारखा.
सप्टेंबर सरता सरता बघशील,
अक्रोड झोडायला चढलेली माणसं
फांदीसकट आपल्या दारात.
मागल्या वर्षी त्सियुरी आली, एकसष्ट वर्षांची,
टाच हातात धरून हसत होती, म्हणे पोतं तरी भरलं.
टाच अशी फुटलेली दिसली की पाठीचा कणाही बघ.
जे खाली बसतं ते वरही बसतं.
बोंदो दुसऱ्याच्या बाल्कनीतून उडी मारून आला तेव्हा
कुणाची बाल्कनी हे विचारलं सगळ्यांनी,
कणा कुणीच बघितला नाही.

करंगळीच्या मागचं लांब हाड नीट शिकून घे.
अगदी बुडाशी टवका उडाला असेल
तर बूट घालून घरी पाठव, भरून येतं.
तिथून बोटभर पुढे मोडलं तर मात्र
रक्त तिथवर जेमतेम पोचतं,
नाचणाऱ्या ज्वेबेचा अख्खा हिवाळा तिथेच गेला.
बोटांच्या सांध्यांवर उभा राहून नाचायचा तो,
मोडला पायऱ्या उतरताना.

बारा वर्षांचं पोर असेल तर घाई नको.
त्याच जागी एक रेघ दिसेल.
उभी असेल तर ती वाढीची,
आडवी असेल तर मोडल्याची.
आणि सुट्टा खडा दिसला, तर त्याची कड बघ.
कड गोल, तर जन्माचा.
कड धारदार, तर कालचा.

तळव्यावर निळा डाग पडलाय, फोटोत काही नाही?
घरी पाठवू नकोस.
अंगठा आणि दुसरं बोट यांच्या मुळाशी
तांदळाच्या कणीएवढी चकती शोध,
आणि जमलं तर पायावर भार देऊन पुन्हा फोटो काढ.
झोपलेलं पाऊल खोटं बोलतं.

एक प्रकार राहिला.
त्यात पडणं नाही, ठेच नाही, धोंडा नाही.
नुसतं चालणं.
पहिल्या फोटोत हाड साफ असतं,
डॉक्टर म्हणतात, नाटक करतोय.
तीन आठवड्यांनी हाडाभोवती धुकं जमतं, म्हणजे
बरं व्हायला लागल्यावरच ते कबूल करतं
की मोडलं होतं.

सोखुमी सुटलं त्या शरदात
आम्ही खिंडीतून आलो. आई पाठीवर.
वर बर्फ लागलं, बुटाचे तळ सुटले,
कुठल्या दिवशी मोडलं ते माहीत नाही,
दुखत सगळ्यांचंच होतं.
या टेबलाचं काम मिळालं त्या वर्षी
यंत्र तपासायला स्वतःचा पाय ठेवला खाली,
तर दुसऱ्या बोटामागे ही गाठ.
बोट लाव. लाव गं. आता दुखत नाही.

वहीत एक रकाना आहे, "कारण".
झाडावरून, जिन्यावरून, खाणीत दगड.
माझ्या नावापुढे मी तो कोरा ठेवलाय.
तुला वर्गीकरण येतं, तू भर कधीतरी.

चल, कुणाला तरी वर आणतायत,
जिन्यात शिव्या ऐकू येतायत.
बादलीत पाणी घे. कोमट. गरम नको,
गरम पाण्यात प्लास्टर फार लवकर धरतं,
आणि पाऊल सरळ करायला
वेळच उरत नाही.